लॅगिंगच्या पत्र्याआड माझे 5,73,480 रुपये गेले

लिहायची लाज वाटते. पण तो ठेकेदार अजून वडोदऱ्याच्या मकरपुरा जीआयडीसीत (औद्योगिक वसाहतीत) कामं घेत फिरतोय, म्हणून लिहितो.

माझी गरम पाण्याची टाकी 85 अंशांवर चालते. जून 2023मध्ये ठरलं: जुनं लॅगिंग, म्हणजे उष्णता टिकवणारं आवरण, काढून ब्लास्टिंग (दाबाने ग्रिट, म्हणजे खरखरीत कण मारून लोखंड साफ करणं), एपॉक्सी फिनोलिक या उष्णता सोसणाऱ्या रंगाचे दोन कोट, त्यावर रॉकवूल (दगडी लोकर) आणि ॲल्युमिनियमचा पत्रा. 4,86,000, जीएसटी धरून 5,73,480. माणूस दांडिया बाजारातल्या ओळखीचा, ‘काका, काका’ करणारा. आपला माणूस म्हणून दुसरं कोटेशनसुद्धा मागवलं नाही. दुसरं कोटेशन मागवाच.

तिसऱ्या दिवशी सकाळी गेलो तर पत्रा चढलेला. ‘काका, आभाळ भरून आलं होतं. लोखंड उघडं राहिलं असतं तर गंजलं असतं, म्हणून रात्रीच आटपलं.’ मला ते पटलं! ब्लास्टिंग झालं असतं तर आवारभर ग्रिट पडलेली असती, वॉचमनने कंप्रेसर ऐकला असता. जमीन झाडून ठेवल्यासारखी स्वच्छ होती आणि मी तिच्यावर उभा राहून चेकवर सही केली. एका रात्रीत दोन कोट वाळत नाहीत, हे मला माहीत होतं. त्याने मोबाईलवर स्वच्छ करड्या पोलादाचे फोटो दाखवले. त्या फोटोंत तीन नोझल, म्हणजे पाइप जोडायची तोंडं, आहेत. माझ्या टाकीला चार आहेत.

मी अडाणी नाही, 22 वर्षं कारखाना चालवतोय. पण पत्र्याआडचं कोणाला दिसतं?

जुलै 2025मध्ये नोझलच्या मानेतून गळती लागली. पत्रा काढला तर रॉकवूल चिंब, खाली वायर ब्रशचे ओरखडे आणि रेड ऑक्साइड या साध्या लाल प्रायमरचा एक हात, तोही पापुद्रे सुटलेला. नोझलभोवती सिलंट नाही, पत्र्याच्या जोडांची तोंडं वर, म्हणजे पाऊस सरळ आत. उघडं लोखंड निदान वाळतं, इथे पाणी उष्णतेसकट अडकून बसतं. मुळात 6 मिमीची भिंत, जाडी मोजायच्या गेजवर 3.1. दुरुस्तीचे 3,12,500 वेगळे. स्टेनलेस असेल तर जास्तच जपा: 304, 316 या प्रकारच्या स्टेनलेसला ओल्या लॅगिंगमधल्या क्लोराइडने (क्षाराने) तडे जातात आणि गंज दिसतही नाही.

तो म्हणतो, ऑगस्ट 2024च्या विश्वामित्री नदीच्या पुराने झालं. टाकी दहा फुटी चबुतऱ्यावर आहे!

पोलिसांकडे तीन खेपा. ‘बिल आहे, काम झालंय, दिवाणी दावा करा.’ फसवणुकीचं कलम 420 छापून नेलं, कोणी वाचलं नाही. चोराने पत्रा उचलून नेला असता तर पंचनामा केला असता ना? ग्राहक आयोगात सांगितलं, धंद्यासाठी घेतलेली सेवा, तुम्ही ग्राहक नाही. उद्योग खात्यात सांगितलं, आमची सोय पैसे थकलेल्या पुरवठादारांसाठी. मग पैसे भरून लुटला गेलेला कारखानदार कोणाचा?

पत्रा चढण्याआधी स्वतः हजर राहा. रंगाच्या थराची जाडी मोजणारा मायक्रॉन गेज भाड्याने आणा, रंगाच्या डब्यांचे बॅच नंबर लिहून घ्या. चेक नंतर.

वकिलाची नोटीस ‘पत्त्यावर राहत नाही’ म्हणून परत आली. गुरुवारी मकरपुऱ्यात त्याचा टेम्पो पाहिला, दुसऱ्या कोणाच्या तरी कारखान्यात रॉकवूल उतरवत होता.