फीलर गेज की ड्वेल मीटर? अॅम्बेसेडरच्या सीबी पॉइंटसाठी

०.०५ ते १ मिमीपर्यंतचं, २० पात्यांचं साधं फीलर गेज अॅम्बेसेडरच्या १४८९ सीसी इंजिनाला नवे सीबी पॉइंट (कॉइलचा करंट तोडून ठिणगी पाडणारे संपर्क) बसवताना पुरेसं आहे. लुकास डेल्कोत (डिस्ट्रिब्यूटरमध्ये) पॉइंट पूर्ण उघडे असताना फट ०.३५ ते ०.४० मिमी हवी. ०.३५ चं पातं सहज सरकावं, ०.४० चं जरा घासून जावं. फियाट ११०० च्या मारेली डेल्कोला ०.४२ ते ०.४८ लागते, तेव्हा एका गाडीचा आकडा दुसरीला लावू नका. हॅक्सॉ ब्लेडने फट धरायची सवयही सोडा. ते साधारण ०.६५ मिमी जाड असतं. प्लगला चालेल, पॉइंटला नाही.

इग्निशन बंद, गाडी न्यूट्रलमध्ये. कॅप आणि रोटर काढून, हँडल मारून पॉइंटची टाच कॅमच्या उंचवट्यावर आणा. स्क्रू थोडा सैल करून खाचेत स्क्रूड्रायव्हर फिरवा. स्क्रू आवळताना पत्रा सरकतो, त्यामुळे आवळल्यावर पुन्हा मोजायचंच. पात्यांना गंजू नये म्हणून तेल लावलेलं असतं. ते पॉइंटवर राहिलं की पॉइंट जळतात आणि मिसिंग सुरू होतं, म्हणून पाती आधी पेट्रोलने पुसा. टाचेखाली कॅमवर ग्रीसचं अगदी पुसट बोट फिरवा. कोरडी टाच झिजते, फट कमी होते आणि टायमिंग (ठिणगी पडण्याची वेळ) मागे पडतं.

गेज फसतं ते वापरलेल्या पॉइंटवर. एका बाजूला खड्डा, दुसऱ्या बाजूला टेंगूळ झालेलं असतं. सपाट पातं टेंगळावर टेकतं, खड्ड्यात उतरत नाही. त्यामुळे ०.४० लावली तरी खरी फट जास्तच राहते.

इथे ड्वेल मीटर कितीतरी सरस. पॉइंट बंद असताना कॅम किती अंश फिरतो, म्हणजे ड्वेल, ते हा मीटर मोजतो. चार सिलिंडरची पट्टी असलेलाच घ्या. लाल क्लिप कॉइलच्या डेल्कोकडे जाणाऱ्या टोकाला, काळी बॉडीला. पॉझिटिव्ह अर्थच्या (बॅटरीचं प्लस टोक बॉडीला असलेल्या) जुन्या गाडीत उलट. व्हॅक्यूमची नळी काढून आयडलिंगवर ६०°, फार तर तीन अंश इकडेतिकडे. आकडा जास्त आला तर फट कमी आहे, कमी आला तर फट जास्त. ड्यूटी सायकल दाखवणाऱ्या मल्टीमीटरवर हेच ६७ टक्के दिसतं (काही मीटर पॉइंट उघडे असण्याचा वेळ मोजतात, त्यावर ३३). मात्र कॉइलच्या प्रायमरीत पॉइंट उघडताना काहीशे व्होल्टचा झटका येतो, तेव्हा गाडीच्या कामासाठी बनवलेलाच मल्टीमीटर लावा.

मीटरचा आणखी एक मोठा उपयोग आहे. रेस वाढवल्यावर ड्वेल तीन अंशांहून जास्त हलला, तर डेल्कोचा शाफ्ट किंवा बुश झिजलाय. मग पॉइंट बदलून फरक पडत नाही.

एकच घ्यायचं असेल तर मीटर घ्या. वापरलेल्या पॉइंटवर गेज इंजिन सुरू होण्यापुरती फट देतं, नेमकी फट मीटरवरच लागते. आणि टायमिंग त्यानंतर लावा: ड्वेल एक अंश हलला की टायमिंगही क्रँकवर साधारण एक अंश हलतं.