एपिएस्टिम: कामाचं पॅकेज, पण शेवटच्या दिवसांचे आकडे जपून

साथ वाढतेय की ओसरतेय, हे आरोग्य विभागाला सांगायचं असेल तर ‘आर’ या संगणकीय भाषेतलं एपिएस्टिम हे मोफत पॅकेज आधी हाती घ्यावं. लागतं थोडंच: रोजच्या नव्या रुग्णांचे आकडे आणि सिरियल इंटरव्हलची सरासरी व प्रमाण विचलन. सिरियल इंटरव्हल म्हणजे एका रुग्णाला लक्षणं दिसल्यापासून त्याच्याकडून लागण झालेल्याला ती दिसेपर्यंतचा काळ. उत्तरात प्रभावी पुनरुत्पादन अंक मिळतो, म्हणजे त्या काळात एक रुग्ण सरासरी किती जणांना लागण देतो तो आकडा: १ च्या वर साथ वाढते, खाली ओसरते. सोबत अंदाजाची अनिश्चितता दाखवणारा ९५ टक्के पट्टाही येतो.

खिडकी, म्हणजे एकेका अंकासाठी एकत्र धरलेले दिवस, मुळात ७ दिवसांची आहे, तीच ठेवा. सुट्टीला नोंदी घटतात, दुसऱ्या दिवशी उसळतात. ३ दिवसांची खिडकी केली की हा चढउतार साथीचाच वाटू लागतो. आकडे पाहण्याआधी या अंकाचा जो अंदाज धरला जातो (प्रायर), त्याची सरासरी मुद्दाम ५ इतकी उंच ठेवलीय, म्हणजे मोजके रुग्ण पाहून साथ आटोक्यात आल्याचा निष्कर्ष घाईने निघत नाही. ही सावधगिरी फार मोलाची. तुरळक रुग्णांच्या भागात मात्र त्यामुळेच अंक फुगतो. तिथे शेजारचे भाग एकत्र करा.

खरा घोटाळा शेवटच्या दिवसांत होतो. नोंदी उशिरा येतात, ते दिवस रिकामे दिसतात आणि अंक १ च्या खाली घसरतो. त्यावर निर्बंध उठवणं धोक्याचं! अपुरे दिवस वगळा किंवा आधी नाउकास्टिंग करा, म्हणजे अजून न आलेल्या नोंदींचा अंदाज धरून ते दिवस भरा. निम्मेच रुग्ण नोंदले जात असले तरी चालतं, फक्त ते प्रमाण स्थिर हवं. चाचण्या अचानक दुप्पट झाल्या की अंक काही दिवस खोटा चढतो. पुढे खाटा किती लागतील, हे याला विचारू नका. त्यासाठी वेगळं मॉडेल लागतं.