वास्को–कुळे पॅसेंजर आणि वरचा घाट: जुन्या मीटरगेजच्या खुणा बघायच्या तर हा प्रवास कितपत उपयोगी?

मुरगाव बंदर ते सरहद्दीपलीकडचं, कर्नाटकातलं कॅसल रॉक ही मीटरगेज लाइन १९९० च्या दशकात ब्रॉडगेज झाली आणि छोट्या रुळांवरची आगगाडी गोव्यातून गेली. त्याच वाटेवर आजही गाड्या धावतात, म्हणून ही लाइन ‘बंद पडली’ असं म्हटलं की ऐकणारा बुचकळ्यात पडतो. वाट बहुतेक तीच आहे, रूळ दुसरे आहेत. त्यामुळे जुन्या लाइनचं जे काही उरलंय ते बघायला सगळ्यात सोपं आणि स्वस्त साधन म्हणजे त्या वाटेवरची साधी पॅसेंजर. हे परीक्षण त्या प्रवासाचं: वास्को ते घाटाच्या पायथ्याचं कुळे पॅसेंजरने आणि कुळेपासून वरचा घाट एक्स्प्रेसने. खालच्या टप्प्याला पाचपैकी चार गुण, घाटाला पाच, आणि दोन्ही एकाच दिवसात बसवण्याच्या सोयीला जेमतेम दोन.

गाडीत कुणी माहिती सांगत नाही, तिकिटाबरोबर पत्रकही मिळत नाही. तेव्हा थोडा इतिहास घरूनच घेऊन निघा.

ही लाइन गोव्याने मिठाच्या मोबदल्यात घेतली. २६ डिसेंबर १८७८ रोजी ब्रिटन आणि पोर्तुगाल यांच्यात लिस्बनला तह झाला. त्यात मुरगावहून ब्रिटिश मुलखाला जोडणारी रेल्वे ठरली, दोन्हीकडची जकात एक झाली, आणि गोव्याच्या मिठागरांवर ब्रिटिशांचा ताबा आला. पोर्तुगालला त्याबद्दल वर्षाला चार लाख रुपये मिळायचे. किती मीठ पिकवायचं ते इंग्रज अधिकारी ठरवू लागले आणि पिढ्यान्‌पिढ्या आगरात राबणाऱ्यांचं पोट त्यावर अवलंबून राहिलं. तहाची मुदत १८९२ च्या जानेवारीत संपली, रूळ मात्र राहिले. या लाइनबद्दल एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ती ही. दूधसागर धबधब्याच्या फोटोंत ती कुठेच येत नाही.

लाइन बांधली लंडनच्या वेस्ट ऑफ इंडिया पोर्तुगीज गॅरंटीड रेल्वे कंपनीने. ‘गॅरंटीड’ याचा अर्थ असा की भागधारकांना ठरलेलं व्याज मिळणारच. कमाई कमी पडली तर तूट पोर्तुगाल सरकारने भरायची. घाटासकट लाइन १८८८ मध्ये पुरी झाली. मुरगावचं बंदर आणि ही रेल्वे एकाच योजनेचे दोन भाग होते, एकाशिवाय दुसऱ्याला अर्थ नव्हता. पण धरला होता तेवढा माल आला नाही आणि हमीचे पैसे लिस्बनला मोजावे लागले. पुढे गाड्या चालवण्याचं काम सदर्न मराठा रेल्वेकडे गेलं, आणि १९०८ पासून मद्रास अँड सदर्न मराठा रेल्वेकडे.

आता प्रवास. गाडी वास्कोहून सुटते, मुरगावहून नाही. वास्कोच्या पुढचे रूळ बंदरात जातात आणि बंदराच्या आवारात परवान्याशिवाय प्रवेश नाही, फोटोही काढता येत नाहीत. त्यामुळे लाइनचं मूळ टोक गाडीतून दिसत नाही. त्याची सोय पुढे सांगितली आहे.

तिकीट अनारक्षित. खिडकीवर मिळतं, मोबाईल अ‍ॅपवरही निघतं. अ‍ॅपवरून काढायचं तर स्टेशनाच्या आवारात शिरण्याआधीच काढा, आत गेल्यावर साधं बुकिंग अडतं. सगळ्यात जास्त लोक फसतात ते वेगळ्याच ठिकाणी. पॅसेंजरचं साधं तिकीट एक्स्प्रेसला चालत नाही. कुळेपर्यंतचं पॅसेंजरचं तिकीट खिशात ठेवून मागून आलेल्या एक्स्प्रेसमध्ये चढलात तर दंड भरावा लागेल. पुढे घाट चढायचा असेल तर एक्स्प्रेसचं तिकीट वेगळं काढा. गाड्यांच्या वेळा वरचेवर बदलतात, म्हणून आदल्या रात्री बघून घ्या.

दाबोळी, सांकवाळ, कासावली, माजोर्डा, सुरावली हा भाग भराभर जातो. जुन्या लाइनच्या दृष्टीने यात थोडंच हाती लागतं. माजोर्ड्याजवळ कोकण रेल्वे येऊन मिळते आणि पुढे मडगावपर्यंत सगळं नव्या काळाचं आहे. या पट्ट्यात एकच गोष्ट न्याहाळा: गाडी शेतांतून जाते तिथे भराव किती अरुंद आहे. मीटरगेजमध्ये दोन रुळांमधलं अंतर १००० मिलिमीटर, ब्रॉडगेजमध्ये १६७६. नुसते रूळ लांब सरकवून भागत नाही. डबे रुंद होतात, वजन वाढतं, म्हणून भरावाला बाजूने माती चढवावी लागते आणि डोंगरातली खोदाई रुंद करावी लागते. खोदाईची एक भिंत काळपट, शेवाळलेली आणि समोरची ताज्या मातीच्या रंगाची, जाळी किंवा काँक्रीट मारलेली दिसली, तर रुंदी कुठल्या बाजूने वाढवली ते कळतं.

मडगावनंतर गाडीची गती उतरते आणि बघण्यासारखं सुरू होतं. चांदर म्हणजे जुनं चंद्रपूर, कदंबांची राजधानी. स्टेशनाला एवढं जुनं नाव लाभलेलं गोव्यात दुसरं नसेल. २०२० च्या नोव्हेंबरात दुपदरीकरणाला, म्हणजे शेजारी दुसरा मार्ग टाकायला, विरोध करायला लोक रात्रभर रुळांवर जमले होते, तेही इथेच. सावर्डे स्टेशन खरं तर कुडचड्याच्या बाजारपेठेला लागून आहे. एकच टप्पा उतरून करायचा असेल तर इथे उतरा. बाजारात पातळभाजी-पाव खा, पाण्याची बाटली भरून घ्या आणि पुढची गाडी धरा. कुळेला खाण्यापिण्याचं फारसं काही मिळेल असं धरून चालू नका. याच टापूत खाणी आहेत. खनिज बंदरापर्यंत नेणं हे या लाइनचं नंतरच्या काळातलं मोठं काम होतं. आता उलट दिशेने, बंदरातून वर कर्नाटकातल्या पोलाद कारखान्यांकडे, कोळसा जातो. प्रवाशाच्या दृष्टीने याचा अर्थ एवढाच की मालगाडीला वाट द्यायला पॅसेंजर थांबवून ठेवली जाऊ शकते. वेळापत्रकावर अर्धा-पाऊण तास जादा धरा.

जुन्या लाइनचे तुकडे ओळखायचे कसे? स्टेशनाच्या कुंपणात, फाटकाच्या आडव्या खांबात, छपराच्या टेकूत रुळाचे तुकडे वापरायची रेल्वेची जुनी सवय आहे. असा तुकडा दिसला तर त्याच्या उभ्या बाजूवर, माथा आणि तळ यांच्या मधल्या पट्टीवर, उठावाची अक्षरं शोधा. कारखान्याचं नाव, साल आणि वजन तिथेच असतं. जुन्या रुळाचं वजन एका यार्डाला इतके पौंड असं लिहिलेलं असतं, आजच्या मुख्य मार्गांवरचा रूळ मीटरला ६० किलोचा आहे. दोन्ही शेजारी दिसले की फरक डोळ्यांनी कळतो, मोजपट्टी लागत नाही. रंगाचे थर चढलेले असतील तर अक्षरांवर तिरपा उजेड पडेल अशा वेळी, म्हणजे सकाळी किंवा उन्हं कलल्यावर, बघा. हे सगळं फलाटावरून. तिकीट असलं तरी रुळांत उतरायचं नाही.

कुळे हे या प्रवासातलं सगळ्यात मोलाचं स्टेशन. धबधब्याच्या जीपांची रांग बघून लोक घाईने बाहेर पडतात, पण पंधरा मिनिटं फलाटावर थांबा. हा पोर्तुगीज गोव्याचा शेवटचा नाका होता. जकात आणि कागदपत्रांची तपासणी इथे व्हायची, आणि घाट चढून गेल्यावर कॅसल रॉकला ब्रिटिश हद्दीत पुन्हा सगळं पहिल्यापासून. मुंबईला निघालेला तारवटी (बोटीवरचा खलाशी), पुण्याला शिकायला चाललेला पोरगा, लग्नाचं सामान घेऊन माहेरी येणारी बाई, सगळ्यांना या दोन्ही ठिकाणी पेट्या उघडाव्या लागत. जून १९४६ मध्ये मडगावला सविनय कायदेभंगाची ठिणगी टाकून गेलेले डॉ. राममनोहर लोहिया सप्टेंबरात परत आले, तेव्हा त्यांना पकडलं ते याच कुळे स्टेशनवर. तिथून त्यांची रवानगी आग्वादच्या तुरुंगात झाली.

लाइन दोनदा बंद पडली असं म्हणायला हवं. पहिल्यांदा १९५५ मध्ये, सत्याग्रहाच्या वर्षी, भारताने गोव्याची आर्थिक नाकेबंदी केली आणि सरहद्दीवरून जाणारी आगगाडी थांबली. १९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला, त्यानंतर वाहतूक पुन्हा जुळली. दुसऱ्यांदा गेज बदलताना, आणि तेव्हा मीटरगेज कायमची गेली.

कुळेपासून कॅसल रॉक साधारण २६ किलोमीटर. हा ब्रागांझा घाट. नाव पोर्तुगालच्या तेव्हाच्या राजघराण्याचं. चढ ३७ ला १, म्हणजे किलोमीटरमागे सुमारे २७ मीटर. आकडा छोटा वाटतो, पण हिशेब करून बघा: हजार टनांची गाडी असेल तर बाकीचा सगळा रोध सोडून नुसत्या चढासाठी सुमारे २७ टनांची ओढ लागते. एवढी ओढ एकट्या पुढच्या इंजिनाने दिली तर डब्यांमधल्या जोडण्यांवर फार ताण येतो. म्हणून कुळेला मागे बँकर इंजिनं लावतात आणि गाडी ओढत-ढकलत वर जाते. जोडणीला वेळ लागतो, तोवर गाडी उभी असते. ती पुन्हा हलेल तेव्हा इशारा मिळेलच असं नाही, म्हणून दारापासून लांब जाऊ नका.

सोनावळी, दूधसागर, कारंझोळ ही घाटातली छोटी स्टेशनं. इथे रुळांना फुटलेला आणि डोंगराच्या अंगावर चढत जाऊन एकदम संपणारा फाटा दिसला तर तो कॅच सायडिंग. उतरणाऱ्या गाडीचा ब्रेक सुटला तर तिने दरीत जाण्याऐवजी त्या चढावर जाऊन थांबावं यासाठी तो आहे. काटा, म्हणजे गाडीची वाट बदलणारा सांधा, एरवी त्याच फाट्याकडे असतो, गाडी ताब्यात आहे याची खात्री झाल्यावरच मुख्य मार्गाकडे फिरवतात. मीटरगेजच्या काळापासूनची ही शहाणपणाची रीत आजही चालू आहे, आणि आम्हाला विचाराल तर धबधब्याइतकीच बघण्यासारखी आहे.

दूधसागर ३१० मीटरचा. रेल्वेचा पूल त्याला मध्येच छेदून जातो, त्यामुळे पाण्याचा वरचा भाग एका बाजूच्या खिडकीतून आणि खालची दरी दुसऱ्या बाजूने दिसते. कुठली बाजू चांगली यावर भांडत बसू नका, दोन्हीकडे बघता येईल अशी जागा धरा. गाडी सावकाश असली तरी पूल क्षणात मागे पडतो, फोन आधीच हातात ठेवा.

घाट उजेडात पार होईल अशीच गाडी निवडा, नाहीतर पैसे वाया. वास्कोहून दुपारी निघणारी निजामुद्दीनची गोवा एक्स्प्रेस चढताना सोयीची आहे. हिवाळ्यात मात्र उशीर झाला तर अंधार गाठतो. खरी अडचण परतीची. उतरणाऱ्या गाड्यांतल्या बऱ्याच रात्री किंवा पहाटे घाट ओलांडतात. म्हणून कॅसल रॉकला उतरून त्याच संध्याकाळी परत येण्याचा बेत बहुधा फसतो. पुढे लोंढ्याला किंवा बेळगावला मुक्काम करा आणि दिवसा उतरणारी गाडी कुठल्या वारी आहे ते आधी बघा.

जीपने जाणाऱ्यांसाठी एक खुलासा. जीप कुळेहून अभयारण्यातून धबधब्याच्या पायथ्याशी नेते, वाटेत ओढे लागतात, वनखात्याचं शुल्क जीपच्या भाड्याशिवाय वेगळं असतं आणि पावसाळ्यात ही सेवा बंद असते. धबधब्यासाठी छान आहे, लाइनच्या अवशेषांसाठी नाही; तिथून पूल दिसतो तो लांबून, वर मान करून.

आणि रुळांवरून चालत जाण्याचा विचारही करू नका. दूधसागरला गाडीतून उतरण्याची मुभा नाही. रेल्वे कायद्याच्या कलम १४७ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. कायदा बाजूला ठेवला तरी बोगद्यात अंग चोरायला जागा किती मिळेल याचा भरवसा नाही, आणि पावसात दरडी येतात. २३ जुलै २०२१ ला याच घाटात दरड कोसळून प्रवासी गाडी रुळावरून घसरली होती. जून ते सप्टेंबर घाट सगळ्यात देखणा असतो आणि गाड्या रद्द होण्याची, वळवल्या जाण्याची भीतीही तेव्हाच सर्वांत जास्त. त्या महिन्यांत दुसऱ्या दिवशीची महत्त्वाची कामं ठेवू नका.

घाटातलं दुपदरीकरण झालं असतं तर जुन्या खोदाया आणि दगडी बांधकाम यातलं किती शिल्लक राहिलं असतं हा प्रश्नच आहे. ९ मे २०२२ ला सर्वोच्च न्यायालयाने कॅसल रॉक–कुळे दुपदरीकरणाची वन्यजीव मंडळाची मंजुरी रद्द केली. जंगलासाठी दिलेल्या त्या निकालाने सव्वाशेहून जास्त वर्षांची बांधणीही तूर्त वाचली आहे.

वास्कोला परतल्यावर दिवस शिल्लक असेल तर रिक्षाने सड्यावर, म्हणजे बंदरावरच्या पठारावर, जा. वरून बंदर, धक्के आणि तिथपर्यंत पोचलेले रूळ खाली पसरलेले दिसतात. गाडीतून चुकलेलं मूळ टोक तेवढ्याच एका ठिकाणाहून नीट बघता येतं. सूर्य मावळायच्या तासभर आधी पोचा, नंतर उजेड कमी होऊन रूळ दिसेनासे होतात.