पाचपाखाडीतलं चायनीज, चीनमधून सुट्टीला आलेल्यांकडून रिव्ह्यू

चार स्टार देतेय, पाचवा का कापला ते पुढे येईलच. आम्ही राहतो सुझौला, शांघायपासून फास्ट ट्रेनने साधारण अर्धा तास, नवऱ्याची कंपनी तिथल्या इंडस्ट्रियल पार्कमधे आहे, मुलगी शाळेत मँडरिनमधे भांडते आणि धाकटा तर जन्मलाच तिकडे. सासर ठाण्याचं. तिकडच्या शाळांना उन्हाळी सुट्टी जुलै-ऑगस्टमधे असते त्यामुळे आम्ही नेहमी भर पावसात येऊन टपकतो, आणि आल्या आल्या कोणी ना कोणी विचारतंच, "काय मग, रोज मस्त चायनीज हाणत असाल?" तर नाही हो. तुम्ही ज्याला चायनीज म्हणताय ते अख्ख्या चीनमधे कुठल्या साध्या हॉटेलात मिळत नाही. मंचुरियन नाही, मनचाव नाही, ट्रिपल सेझवान नाही, चायनीज भेळ तर सोडाच. वर्षभर आम्ही तिकडे बसून ह्याच गोष्टींची आठवण काढतो आणि ठाण्यात आलो की मिसळ आणि वडापाव झाला की लगेच नंबर चायनीजचा लागतो. म्हणून हा रिव्ह्यू एक्स्पर्टचा वगैरे नाही, भुकेल्या माणसाचा आहे.

नितीन कंपनीच्या सिग्नलवरून आत वळलात की दोन-तीन मिनिटांवर हॉटेल आहे. आम्ही सातलाच जाऊन उभे, वेटर अजून टेबलं पुसत होते. त्याचं कारण असं की चीनमधे रात्रीचं जेवण सहा-साडेसहाला उरकतं, वर तिकडचं घड्याळ अडीच तास पुढे, त्यामुळे इकडच्या नऊला मुलांच्या अंगात साडेअकरा वाजलेले असतात आणि मग ती टेबलावरच झोपतात. पण लवकर गेल्याचा फायदा झाला, कोपऱ्यातलं मोठं गोल टेबल मिळालं ज्याच्यावर फिरणारी काच आहे. अशी काच तिकडे बऱ्याच हॉटेलात असते, मोठ्या माणसांसमोर पदार्थ आधी फिरवायचा अशी रीत आहे, मुलीने बरोबर आज्जीपुढे सूप नेऊन थांबवलं. सासूबाई खूश, म्हणाल्या हे बरंय, वाढायला कोणाला उठायला नको. धाकट्याने नंतर त्याच काचेवर चमचे, मीठ, टिश्यू सगळं गरागरा फिरवलं, ते वेगळं.

मनचाव सूप मागवलं, वन बाय टू करून आणलं तर दोन्ही बोल भरलेले, कंजूषपणा नाही. मिरपूड, आलं, बारीक कोबी, वरून तळलेल्या नूडल्स शेवटपर्यंत कुरकुरीत राहिल्या कारण वेगळ्या वाटीत दिल्या होत्या, हे सगळ्यांनी करायला पाहिजे खरं तर. सुझौमधे रोजच्या जेवणातलं सूप म्हणजे पातळ पाणी, त्यात अंड्याचे धागे नाहीतर समुद्री शेवाळ, आणि ते बरेचदा शेवटी येतं. पौष्टिक असेल, पण बाहेर धो धो पाऊस आणि आत एसी अशा संध्याकाळी घशाला जे हवं असतं ते मनचावच.

मग मंचुरियन. माझी सगळ्यात मोठी परीक्षा इथेच असते. गोळे कोबी-गाजराचेच लागले पाहिजेत, मैद्याचे नाही, आणि ग्रेव्ही गार झाल्यावर तिची खळ होता कामा नये. दोन्हीत पास. हिरवी मिरची आणि लसूण भरपूर, सोया सॉस बेताचा, त्यामुळे काळाकुट्ट खारट प्रकार नाही. हा पदार्थ आपल्या मुंबईचा हे खूप जणांना माहीत नसतं. १९७५ मधे शेफ नेल्सन वँग ह्यांनी क्रिकेट क्लब ऑफ इंडियात काम करताना चिकन मंचुरियन पहिल्यांदा केलं असं सांगितलं जातं, आलं-लसूण-हिरवी मिरची आपलीच, फक्त गरम मसाल्याच्या जागी सोया सॉस आणि कॉर्नफ्लॉवर. खरा मंचुरिया म्हणजे चीनचा ईशान्य भाग, थंडीत उणे वीसच्या खाली जाणारा, तिकडे आंबवलेली कोबी आणि डुकराचं मटण खातात. नवऱ्याच्या ऑफिसात एक जण तिकडचाच, शेनयांगचा आहे. त्याला मी एकदा घरी बोलावून मंचुरियन खाऊ घातलं. तीनदा घेतलं आणि म्हणाला इंडियन जेवण एवढं आवडेल असं वाटलं नव्हतं!

मावशींचं (सासूबाईंची धाकटी बहीण) टेन्शन होतं कारण एकादशीपासून त्यांचा चातुर्मास सुरू, कांदा-लसूण बंद. चायनीज हॉटेलात कांदा-लसूण नको म्हणणं म्हणजे किचनमधून शिव्या खाणं असं मला वाटायचं, पण वेटरने शांतपणे विचारलं, "जैन करू की फक्त कांदा-लसूण काढू? आलं चालेल ना?" हा प्रश्न विचारणारा वेटर मला आजपर्यंत भेटला नव्हता. त्यांचं मंचुरियन वेगळ्या कढईत करून आणलं, आलं आणि मिरची जास्त, सिमला मिरची मोठी कापलेली, आम्ही सगळ्यांनी त्यातलंच चोरून खाल्लं. ह्याच्यावरून आठवलं, आई म्हणजे सासूबाई सुझौला आल्या होत्या तेव्हा जेवायला कुठे न्यायचं हा मोठा प्रश्न होता, कारण तिकडे भाजी मागवली तरी फरसबीत खिमा निघतो नाहीतर ऑइस्टर सॉस पडलेला असतो. शेवटी शीयुआनच्या बौद्ध देवळात नेलं. तिथे शाकाहारी नूडल्स मिळतात, मशरूम घातलेल्या, आणि चिनी बौद्ध भिक्षूसुद्धा कांदा-लसूण खात नाहीत. आई तेव्हापासून त्या देवळाचं नाव काढतात, नाव नीट घेता येत नाही तरी काढतात.

ट्रिपल सेझवान राईस माझ्या दिराचा ठरलेला. राईस, नूडल्स, वर ग्रेव्ही आणि तळलेल्या नूडल्सचा डोंगर, पोर्शन तीन जणांना पुरतो, एकट्याने घेऊ नका. चव चांगली, मोठ्या आचेवर परतलेल्याचा तो धुरकट वास भाताला होता, तो घरच्या शेगडीवर काही केल्या येत नाही. आता सेझवानबद्दल. सिचुआन प्रांताच्या जेवणाची खूण म्हणजे तिथली मिरी, जीभ बधिर करते, मुंग्या आल्यासारखं होतं, आणि त्याच्यासोबत वालासारखे मोठे दाणे नि मिरच्या मुरवून केलेली पेस्ट. आपल्या सेझवान चटणीत ह्यातलं काहीच नसतं, लाल मिरची, लसूण, तेल, व्हिनेगर, बास. पण गंमत म्हणजे ती बधिर करणारी मिरी आपल्या तिरफळाच्या कुळातली आहे. सासूबाई मालवणच्या, सुझौला आल्या होत्या तेव्हा माझ्या किचनमधल्या डब्यातला दाणा चावून पटकन म्हणाल्या, "अगं हे तर तिरफळ, बांगड्यात घालतात ते." तेव्हापासून मी सुझौत बांगड्याच्या तिखल्यात बिनधास्त तीच मिरी घालते, थोडी कमी. इथली सेझवान चटणी घरी केलेली आहे, तेल वर तरंगत होतं पण लसूण कच्चा नव्हता. विकत पण देतात बाटलीत, आम्ही दोन घेतल्या, तिकडे ब्रेडला लावून खातो आम्ही.

चिकन लॉलीपॉप मुलांसाठी. आषाढ चालू आहे, गटारीला अजून वेळ आहे, मग घरातल्या बाकीच्यांनी पण हात मारला. लाल रंग आहे, खोटं कशाला बोलू, बोटं लाल झाली, पण आतून रसरशीत. तिकडे चिकन म्हणजे हाडासकट बारीक तुकडे नाहीतर कोंबडीचे पाय, माझा धाकटा ते पाय मजेत चोखतो आणि नणंदेला बघवत नाही.

आता तो कापलेला स्टार. मेनूच्या शेवटच्या पानावर "अस्सल चायनीज" असा एक भाग आहे, तिकडे चुकूनही जाऊ नका. घरच्यांचा आग्रह की तुम्ही राहता ना तिकडे, मग ह्यातलं मागवा. मापो टोफू (सिचुआनचा तिखट टोफू) मागवला तर टोफूच्या जागी पनीर आलं आणि न सांगता आलं, विचारल्यावर म्हणाले टोफू संपलाय. संपला तर संपला, सांगा ना आधी. पनीरला तो थरथरणारा मऊपणा कुठून येणार, ग्रेव्ही तर चिली पनीरचीच होती. डिमसम (वाफवलेले, मोमोसारखे) फ्रोझन, कडा रबरासारख्या, मधे गार. आम्ही ज्या भागात राहतो तिकडे आत गरम रस्सा भरलेले छोटे बन मिळतात, चावताना सांभाळावं लागतं नाहीतर तोंड भाजतं, त्यामुळे मुलीने एक खाल्लं आणि प्लेट काचेवर ठेवून हळूच काकाकडे फिरवली. आणि ह्या पानाचे दर बाकीच्यापेक्षा दीडपट. जे ह्या किचनला येतं ते ते इतकं छान करतात, मग ही हौस कशाला? ते पान फाडून टाकलं तर मी पाचवा स्टार आनंदाने देईन.

एका गोष्टीवर जरा स्पष्टच लिहिते, ही हॉटेलची चूक नाही, गिऱ्हाइकांची आहे, त्यात आमचे पण आले. वेटर मुलाचा चेहरा बघून दीर माझ्या मुलीला म्हणाला, "बोल ना त्याच्याशी चायनीजमधे." मुलगी म्हणाली, "काका, तो चायनीज नाहीये." तो मुलगा हसला आणि स्वच्छ मराठीत म्हणाला की मी दार्जिलिंगचा, शाळा ठाण्यातच झाली. दीर ओशाळला. पण शेजारच्या टेबलावर पण तेच चाललं होतं, कोणीतरी त्याला "ए चायना" म्हणून हाक मारली. कृपया नका करू असं. आमच्या पोरांना तिकडे लोक कुतूहलाने बघतात, फोटो मागतात, ते प्रेमाने असतं तरी रोज रोज झालं की कंटाळा येतो, आणि हे तर प्रेमाने पण नव्हतं.

सर्व्हिस एकूण झकास. मुलांनी गरम पाणी मागितलं (तिकडे बारा महिने गरम पाणीच पितात, सवय लागली आता), तर वेटरने आधी विचारलं बाळाला बरं नाही का, मग थर्मास आणून ठेवला. चॉपस्टिक्स मागितल्यावर मिळाल्या, मुलीने हक्का नूडल्स चॉपस्टिक्सने खाल्ल्या तेव्हा पलीकडच्या दोन काकू बघत बसल्या. नूडल्स ठीकठाक, जरा तेलकट, त्याच्यावर जास्त लिहिण्यासारखं काही नाही. अजिनोमोटो घालतात का असं नणंदेने विचारलं, त्यांनी हो म्हणून सांगितलं, लपवलं नाही, नको असेल तर काढतात. तसं ते जपानी माणसाने १९०८ मधे शोधलेलं, आणि चिनी घरात त्याची पिशवी मिठाच्या शेजारी उघड असते, कोणाला त्याचं काही वाटत नाही.

बिल आम्हा नऊ जणांचं चार हजारांच्या आत आलं, एवढ्या जेवणाला ठीक आहे. बिलावरून नवरा आणि दीर ह्यांच्यात झटापट झाली, ती चिनी लोकांत पण अशीच होते, माणसं बाथरूमला जातो सांगून गुपचूप पैसे भरून येतात. फरक एवढाच की तिकडे सगळं फोनने स्कॅन, ऑर्डरसुद्धा टेबलावरचा कोड स्कॅन करूनच, आणि आमच्या फोनवर इकडचं यूपीआय चालू नाही, कॅश काढेपर्यंत दिराने भरून टाकले. त्याने जेवणाचे फोटो लगेच फॅमिली ग्रुपवर टाकले, जे आम्ही तिकडे गेल्यावर व्हीपीएन लागला तरच दिसतात, कारण तिकडे व्हॉट्सॲप बंद आणि इकडे २०२० पासून वीचॅट (तिकडचं व्हॉट्सॲपसारखं ॲप) बंद, मधे आम्ही लटकलेले.

पार्सल पण घेतलं दुसऱ्या दिवशी, ग्रेव्ही आणि राईस वेगळे बांधतात, गळलं नाही. पार्किंग नाहीये, रिक्षाने या. शनिवार-रविवारी साडेआठनंतर गेलात तर बाहेर प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसून वाट बघावी लागेल, छप्पर अर्धंच आहे, पावसात छत्री ठेवा. आणि आत बसताना खिडकीकडचं दुसरं टेबल देत असतील तर घेऊ नका, वरच्या एसीचं पाणी थेट प्लेटमधे ठिबकतं, आम्ही होतो तेव्हा तिथल्या माणसांनी दोनदा जागा बदलली.