वीज कंपन्यांचे विश्वासार्हता पुरस्कार: ढालीला वजन किती?

उत्तर अमेरिकेतल्या वीज वितरणात तीन सन्मान कायम चर्चेत असतात. पीए कन्सल्टिंगचा रिलायबिलिटीवन, सार्वजनिक मालकीच्या वीज संस्थांसाठी अमेरिकन पब्लिक पॉवर असोसिएशनचं आरपी३, आणि गुंतवणूकदारांच्या मालकीच्या कंपन्यांची संघटना एडिसन इलेक्ट्रिक इन्स्टिट्यूट देते ते आपत्कालीन पुरस्कार. तिन्ही एकाच तागडीत तोलण्यात अर्थ नाही.

रिलायबिलिटीवनची निवड मुख्यतः सैडी (ग्राहकामागे वर्षाला किती मिनिटं वीज नव्हती), सैफी (किती वेळा गेली) आणि कैडी (गेली की सरासरी किती वेळाने आली) यांवर होते. त्याची खरी जमेची बाजू म्हणजे त्यानंतरची पडताळणी. प्राथमिक निवड झालेल्या कंपनीत खंडित पुरवठ्याची नोंद कशी होते, हे तिथे तपासलं जातं. ते हवंच, कारण घोळ बहुतेक वेळा नोंदीत असतो. कागदी नोंदी सोडून आउटेज मॅनेजमेंट सिस्टिम (बिघाड नोंदवणारी संगणकीय यंत्रणा) घेतली की पहिल्या वर्षी सैडी अनेकदा चढते. जाळं तेच असतं. आधी निसटणारे बिघाड आता पकडले जातात, एवढंच.

कैडीवर एकट्यावर मात्र भरवसा ठेवू नका. एक लाख ग्राहकांच्या कंपनीत २,००० ग्राहकांचा फीडर (उपकेंद्रातून निघणारी वितरण वाहिनी) बंद पडला. लाइनमनने हाताने स्विच फिरवून १,५०० जणांना २० मिनिटांत दुसऱ्या फीडरवर घेतलं, उरलेले ५०० जण ९० मिनिटं अंधारात. कैडी ३७.५ मिनिटं, सैडी ०.७५. आता तिथे स्वयंचलित स्विच बसवा. ते १,५०० जण मिनिटभरात परत येतात, आणि आयईईई १३६६ या विश्वासार्हता मोजण्याच्या मानकानुसार पाच मिनिटांपर्यंतचा खंड 'क्षणिक' असल्याने ते हिशेबातूनच बाहेर पडतात. सैडी ०.४५ वर उतरते, पण कैडी थेट ९०! सेवा सुधारली आणि आकडा बिघडला.

उलटही होतं. फांदी क्षणभर टेकली तर फ्यूज उडण्याआधी ब्रेकर उघडून पुन्हा लागावा, अशी सेटिंग केली की सैफी छान दिसते. पण उपफाट्यावरच्या मोजक्या घरांऐवजी अख्ख्या फीडरचे दिवे लुकलुकतात. ते मैफीत (ग्राहकामागे क्षणिक खंड किती वेळा) दिसतं, आणि ढालीवर मैफी सहसा नसते.

मोठी मेख वादळाच्या दिवसांची. असे दिवस ओळखायला पाच वर्षांतल्या रोजच्या सैडीचे नैसर्गिक लॉग घ्यायचे, सरासरीत प्रमाण विचलनाची २.५ पट मिळवायची आणि आलेल्या बेरजेचा प्रतिलॉग काढायचा. त्या मर्यादेवरचा दिवस 'मोठ्या घटनेचा' म्हणून वेगळा काढतात. वर्षावर्षाची तुलना व्हायला पद्धत उत्तमच आहे, पण अमेरिकेत २०२० मध्ये सरासरी ग्राहकाची वीज आठ तासांहून जास्त गेली होती आणि मोठ्या घटना वगळल्यावर उरले जेमतेम दोन तास. एरवीच्या कारभाराचं कौतुक त्या दोन तासांवर होतं. उरलेल्या सहांसाठी, म्हणजे तग धरण्याच्या क्षमतेसाठी, रिलायबिलिटीवनमध्ये वेगळा विभाग आहे. पण तिथे सैडीसारखं सर्वमान्य माप नसल्याने निकाल बराचसा परीक्षकांच्या नजरेवर राहतो.

आरपी३ ही शर्यतच नाही. संस्था स्वतः अर्ज करते. विश्वासार्हता, सुरक्षितता, मनुष्यबळ आणि यंत्रणा सुधारणा यांवर गुण मिळतात, आणि पुरेसे गुण असतील तर गोल्ड, प्लॅटिनम किंवा डायमंड तीन वर्षांसाठी. लहान संस्थांना याचा फायदा जास्त, कारण अर्जाची कागदपत्रं जमवतानाच भोकं दिसतात. एडिसनचे पुरस्कार वादळानंतर पुरवठा उभा करण्याबद्दल आणि शेजारच्या कंपनीला माणसं पाठवण्याबद्दल असतात. जाळं मुळात पडलं का, हे ते विचारत नाहीत.

तेव्हा एखाद्या कंपनीने ढाल मिरवली की तिची सैडी मोठ्या घटनांसह आणि त्यांच्याविना, दोन्ही मागा. अमेरिकेत ईआयए-८६१ या सरकारी फॉर्ममध्ये कंपन्यांनी भरलेल्या माहितीत ती २०१३ पासून कंपनीनिहाय खुली आहे.