बाळहिरडा की मोठा हिरडा?

पुणे जिल्ह्यातल्या आंबेगाव-जुन्नरच्या डोंगरपट्ट्यात हिरड्याच्या एकाच झाडाचे दोन माल निघतात. बाळहिरडा म्हणजे कोवळं फळ, चैत्र-वैशाखात, आठळी धरण्याआधी काढायचा. सुकल्यावर काळा, सुरकुतलेला, आत भरीव. किलोचा भाव मोठ्या हिरड्याच्या कितीतरी पट, पण फळ बारीक. किलोभर सुक्या मालासाठी बराच ओला झोडावा लागतो आणि चढणारा माणूस हवाच. वाळवणावर वळीव आला की बुरशी धरते, व्यापारी भाव पाडतो.

मोठा हिरडा म्हणजे पिकलेलं फळ, हिवाळ्यात पडलेला वेचायचा. जोखीम नाही, म्हातारी माणसंही वेचतात. मात्र तो कातडी कमावायला जातो आणि त्या मालाला भाव तुटपुंजा.

कामाला हात असतील तर बाळहिरडाच परवडतो. फक्त फांद्या मोडू नयेत, पुढच्या वर्षीचा बहर जातो.