गूगल स्कॉलर प्रोफाइल : नोंदवही चोख, तराजू कच्चा

नॅकची (महाविद्यालयांना श्रेणी देणाऱ्या परिषदेची) फाइल असो, पदोन्नतीचा प्रस्ताव असो किंवा बायोडेटा, कोल्हापुरातल्या प्राध्यापकाकडे हल्ली गूगल स्कॉलरची लिंक मागितली जाते. गूगल स्कॉलर म्हणजे संशोधनपर लेखन शोधण्याची गूगलची सेवा. ती २००४ मध्ये सुरू झाली, एकेका संशोधकाचे निबंध एका पानावर मांडणाऱ्या प्रोफाइलची सोय २०११ मध्ये आली. सेवा पूर्ण फुकट आहे. खातं उघडायला दहा मिनिटं पुरतात, पण ते नीट लावायला एक अख्खी दुपार द्यावी लागते. ती दुपार न दिल्यामुळे चांगल्या चांगल्या संशोधकांची प्रोफाइल चुकीची राहिलेली दिसतात.

सुरुवात ईमेलपासून. जीमेलवर खातं उघडतं, पण पडताळणीसाठी संस्थेचा पत्ता लागतो, म्हणजे शेवटी 'एसी डॉट इन' किंवा 'ईडीयू डॉट इन' असलेला. पडताळणी झाली नाही तर प्रोफाइल शोधात येतच नाही. ज्या कॉलेजांचा सगळा कारभार अजून जीमेलवर चालतो, त्यांनी प्राध्यापकांना आधी संस्थेचे पत्ते काढून द्यावेत.

पुढच्या पायरीवर स्कॉलर तुमच्या नावाशी जुळणाऱ्या शोधनिबंधांचे गठ्ठे समोर ठेवतं आणि विचारतं, यातले तुमचे कोणते? इथे घाईनं सगळ्यावर टिक केली की घोळ सुरू होतो. आपल्याकडे तर जास्तच, कारण हा पाटलांचा मुलूख आहे. 'एस. बी. पाटील' म्हणजे संजय बाबूराव, सुजाता भीमराव, सागर बाळासो, कोणीही असू शकतं. एक रसायनशास्त्रात, दुसरी मराठीत, तिसरा शेतीत. यंत्राला आद्याक्षरं दिसतात, माणूस दिसत नाही. म्हणून गठ्ठा उघडून प्रत्येक निबंधाचं शीर्षक आणि सहलेखक तपासूनच टिक करा. त्यानंतर लगेच सेटिंगमध्ये जाऊन 'अपडेट आपोआप लावा' हा पर्याय बंद करा आणि 'आधी ईमेलवर विचारा' हा निवडा. आमच्या मते ही या सेवेतली सर्वांत महत्त्वाची एक टिक आहे. ती चुकली तर दुसऱ्या पाटलांचे निबंध तुमच्या खात्यात गुपचूप जमा होत राहतात, आणि चौकशी झाली की उत्तर तुम्हालाच द्यावं लागतं.

लग्नानंतर नाव बदलणाऱ्या संशोधक महिलांचं दुखणं वेगळं आहे. आपल्याकडे आडनावाबरोबर मधलं नावही बदलतं, वडिलांचं जाऊन नवऱ्याचं येतं. 'एस. आर. देसाई'ची 'एस. व्ही. माने' झाली की दोन्ही नावांत फक्त एक 'एस' सारखा उरतो. स्कॉलर हे स्वतःहून जोडत नाही. जुन्या नावानं शोधून निबंध हातानं घ्यावे लागतात. स्कोपस या वर्गणीच्या निबंध-सूचीमध्ये अशा वेळी एकाच व्यक्तीचे दोन लेखक क्रमांक तयार होतात, ते एकत्र करण्याची विनंती त्यांच्या संकेतस्थळावरून पाठवता येते. यावर खरा उपाय ऑर्किड. १६ अंकी क्रमांक, २०१२ पासून उपलब्ध, फुकट, आणि नाव, कॉलेज, गाव काहीही बदललं तरी तोच राहतो. ऑर्किड सायटेशन, म्हणजे निबंधाला इतर निबंधांत मिळालेले संदर्भ, मोजत नाही, पण कोण कोणता हे पक्कं करतो. पीएच.डी.ला नोंदणी केली त्याच आठवड्यात तो काढावा आणि निबंध पाठवताना दर वेळी द्यावा.

आता आकड्यांकडे. प्रोफाइलच्या उजव्या बाजूला तीन आकडे येतात: एकूण सायटेशन, एच-इंडेक्स आणि आय-१०. एच-इंडेक्स भौतिकशास्त्रज्ञ होर्हे हिर्श यांनी २००५ मध्ये सुचवला. निबंध सायटेशनच्या उतरत्या क्रमानं लावायचे आणि क्रमांकाइतकी तरी सायटेशन कुठपर्यंत मिळतात ते पाहायचं. समजा एखाद्याच्या सात नोंदी आहेत: ४८, २१, १३, ९, ६, ५, २. पाचव्या निबंधाला ६ आहेत, म्हणजे पाच पार. सहाव्याला ५ च आहेत, म्हणून एच-इंडेक्स ५. आय-१० म्हणजे दहा किंवा जास्त सायटेशन असलेले निबंध, ते इथे ३.

या यादीतली ५ वाली आणि २ वाली नोंद प्रत्यक्षात एकाच निबंधाची आहे असं धरा. कोणीतरी संदर्भ देताना शीर्षकातला एक शब्द चुकवला आणि स्कॉलरनं दुसरी नोंद तयार केली. असं सर्रास होतं. दोन्हींपुढच्या चौकोनात टिक करा, वर 'मर्ज' दाबा, बरोबर शीर्षकाची नोंद मुख्य म्हणून ठेवा. आता यादी ४८, २१, १३, ९, ७, ६ अशी झाली आणि एच-इंडेक्स ६ झाला. एकूण सायटेशन तितकीच राहिली, नवा निबंध लिहिला नाही, तरी आकडा वाढला, आणि हा वाढलेला आकडाच खरा आहे. आता उलट बाजू बघा. मर्ज न करता मूळ यादीत नामसाधर्म्यामुळे दुसऱ्याचा ३० सायटेशनचा निबंध घुसला, तर क्रम ४८, ३०, २१, १३, ९, ६ असा लागतो. एच-इंडेक्स पुन्हा ६, पण हा सहा खोटा. समितीपुढे दोन्ही सहा अगदी सारखे दिसतात. म्हणून आकड्यासोबत निबंधांची यादी लागतेच. प्रोफाइलमध्ये एखाद्या सायटेशनच्या आकड्यापुढे तारका असेल तर ती नोंद उघडून बघा. त्यात दुसऱ्याच लेखाची सायटेशन मिसळलेली असण्याची शक्यता असते.

मराठीत लिहिणाऱ्यांवर मात्र या सेवेत अन्याय होतो, आणि तो थोडा आपल्या हातानंही होतो. आपल्या चर्चासत्रांचं संपादित पुस्तक आयएसबीएनसह निघतं आणि शेवटी तीनशे पानांची एकच पीडीएफ कॉलेजच्या संकेतस्थळावर चढते. स्कॉलरला प्रत्येक निबंधाची स्वतंत्र फाइल हवी असते. ती ५ एमबीच्या आत असावी, पहिल्या पानावर शीर्षक सर्वांत मोठ्या अक्षरात असावं, त्याखाली वेगळ्या ओळीत लेखकांची नावं असावीत आणि शेवटी संदर्भांचा स्वतंत्र विभाग असावा. त्याहून मोठी अडचण फॉन्टची. श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली पीडीएफ डोळ्यांना मराठी दिसते, पण आत यंत्राला भलतीच अक्षरं सापडतात. तपासायला अर्धा मिनिट लागतो: पीडीएफमधली एक ओळ कॉपी करा, नोटपॅडमध्ये पेस्ट करा. तिथे 'शाहू महाराज' आलं तर ठीक. चिन्हांचा गोतावळा आला तर तो निबंध शोधणाऱ्याला सापडणार नाही आणि त्याच्या तळटिपांतली सायटेशनही कोणाच्या खात्यात पडणार नाहीत. नुसत्या स्कॅनचंही तेच. मजकूर युनिकोडमध्ये करून घ्या, डीटीपीवाल्याला छपाईआधीच तसं सांगा.

लेखकत्वाच्या बाबतीत स्कॉलर काहीच वाटणी करत नाही. ५० सायटेशनच्या निबंधाचे पाच लेखक असतील तर पाचही खात्यांवर पन्नास-पन्नास जमा होतात. हिग्ज बोसॉनच्या वस्तुमानावरच्या २०१५ च्या निबंधाला ५,१५४ लेखक होते. ३३ पानांपैकी मजकूर ९ पानांचा, बाकी नावं आणि संस्था. त्या प्रत्येकाला पूर्ण सायटेशन मिळतं. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१८ च्या नियमावलीत मात्र निबंधाच्या गुणांची वाटणी आहे: दोन लेखक असतील तर प्रत्येकी ७० टक्के, दोनहून जास्त असतील तर पहिल्या, प्रमुख किंवा नियतकालिकाशी पत्रव्यवहार करणाऱ्या लेखकाला ७० टक्के आणि इतरांना प्रत्येकी ३०. म्हणजे १० गुणांचा निबंध दोघांचा असेल तर ७-७, तिघांचा असेल तर ७, ३, ३. गणितात नावं बहुधा इंग्रजी आडनावाच्या अकारविल्हे लावतात. तिथे यादव नेहमीच शेवटी. अशा लेखकानं पत्रव्यवहाराचा लेखक आपणच असल्याचं निबंधाचं पान प्रस्तावाला जोडावं, नाहीतर हक्काचे ७ जाऊन ३ हाती येतात.

आणि विभागप्रमुख आहेत म्हणून नाव घालणं थांबलं पाहिजे. वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीच्या चार अटी आहेत: कामात ठोस वाटा, मसुदा लिहिणं किंवा गंभीरपणे तपासणं, अंतिम प्रतीला मान्यता आणि प्रत्येक भागाची जबाबदारी. चारही पूर्ण करणारा तो लेखक. उपकरण वापरू दिलं, निधी मिळवून दिला, त्यांची जागा ऋणनिर्देशात.

या सेवेचा सर्वांत मोठा दोष म्हणजे वेबवर मिळेल ते ती मोजते. २०१० मध्ये फ्रान्सच्या सिरिल लाबे यांनी संगणकानं तयार केलेले शंभर निरर्थक निबंध वेबवर टाकून 'आइक अँटकारे' नावाचा अस्तित्वात नसलेला संशोधक उभा केला. स्कॉलरवर त्याचा एच-इंडेक्स ९४ निघाला. स्वतःच स्वतःला दिलेली सायटेशन वगळण्याची सोयही प्रोफाइलमध्ये नाही. स्कोपसमध्ये ती आहे. उलट स्कोपस आणि वेब ऑफ सायन्स निवडक नियतकालिकंच घेतात, वर्गणी भरावी लागते, आणि मराठी किंवा इतिहासाच्या अभ्यासकाचं काम तिथे फारच थोडं दिसतं. शिवाजी विद्यापीठाच्या पदार्थविज्ञान अधिविभागातल्या थिन फिल्मवरच्या (पदार्थाच्या अतिपातळ थरांवरच्या) निबंधाला जगभरातून संदर्भ येतात, करवीर संस्थानच्या मोडी कागदांवर आयुष्य घालवणाऱ्याला येत नाहीत. या दोघांचे एच-इंडेक्स एका तक्त्यात शेजारी मांडणाऱ्या समितीनं तो तक्ता फाडून टाकावा.

आमचं मत: नोंदी ठेवण्यासाठी पाचपैकी साडेचार, माणसं तोलण्यासाठी दीड. प्रोफाइल जरूर ठेवा, दर तीन महिन्यांनी झाडा. प्रस्तावात आकडा देताना नुसतं 'एच-इंडेक्स ६' लिहू नका. कुठून घेतला, कोणत्या तारखेला पाहिला ते लिहा आणि त्याच दिवशीच्या पानाची प्रिंट जोडा. स्कॉलरचा आकडा रोज हलतो. एखादी पीडीएफ वेबवरून निघाली तर तो कमीही होतो, आणि छाननीच्या दिवशी समितीनं लिंक उघडली की फाइलमधला ६ आणि पडद्यावरचा ५ यांचा हिशेब त्या तारखेच्या प्रिंटवरूनच लागतो.